जुना पीसी जानेवारीत पळवा, मे महिन्यात सावलीत बांधा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीनं ठरवल्यापेक्षा जास्त वेगानं पळवून, फुकटात स्पीड वाढवायचा लेख आला होता, त्याच्यावर लिहून राहिलो. लेख वाईट नव्हता, लिहिणाऱ्या भाऊला विषय माहीत आहे हे दिसते, पण तो एसीच्या खोलीत बसून लिहिला हे पण दिसते. आणि छापला कधी, तर एप्रिलच्या शेवटी, यवतमाळ जिल्ह्यात! सोमवार-मंगळवारी माझ्या दुकानात चार पोट्टे पेपर हातात घेऊन आले, "भाऊ, आमच्या घरच्या पीसीचं असं करून द्या ना". एकाला तर मी हात जोडले की बाबू, आता पोळ्यापर्यंत थांब.

माझं दारव्हा तालुक्यात रोडवरच्या गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, स्कॉलरशिप, पासपोर्ट फोटो, जे येईल ते. दुकानातला मेन पीसी जुना आहे, पेंटियम ड्युअल कोअर ई ५२००, जी ३१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर २ रॅम. इंटेलनं हा प्रोसेसर २००८ साली काढला होता. आज कोणी म्हणेल भंगारात टाका, पण ज्याचं घर दुकानावर चालते त्याला नवीन पीसी म्हणजे एका बॅगच्या सोयाबीनचा भाव नाही ना भाऊ. म्हणून मी पण हेच केलं होतं जे तुमच्या लेखात आहे, दीड वर्षं वापरलं, फायदा पाहिला आणि फटका पण खाल्ला. तेच सांगायचं आहे.

आधी लेखातली एक चूक सांगतो कारण तिच्यामुळे पोट्ट्यांचा वेळ चालला. लेखात म्हटलं की बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन मल्टिप्लायर, म्हणजे मूळ क्लॉकला जेवढ्या पटीनं गुणतात तो आकडा, वाढवा, कोणत्याही जुन्या प्रोसेसरला चालते. नाही चालत. साधारण लोकांच्या घरी जे इंटेलचे जुने प्रोसेसर आहेत त्यांचा मल्टिप्लायर कंपनीतूनच वरच्या बाजूनं लॉक येते, खाली घेता येते, वर नाही. माझ्या ई ५२०० चा मल्टिप्लायर आहे १२.५ आणि बोर्डाकडून येणारा मूळ ठोका, म्हणजे बस क्लॉक, आहे २०० मेगाहर्ट्झ. २०० गुणिले १२.५ म्हणजे २५००, म्हणून तो २.५ गिगाहर्ट्झ. १२.५ ला हात लावता येत नाही म्हणून लोक २०० ला हात लावतात. तेच २०० चं २६६ केलं की झाले ३.३२ गिगाहर्ट्झ. एवढाच सारा खेळ आहे, ओव्हरक्लॉकिंग नाव मोठं वाटते पण हिशोब चौथीच्या पाढ्याचा आहे. हा बस क्लॉकवाला जुगाड काही आजचा नाही, १९९८ साली सेलेरॉन ३०० ए नावाचा प्रोसेसर होता, त्याचा बस ६६ चा १०० केला की ३०० मेगाहर्ट्झचा सरळ ४५० व्हायचा, त्यावेळी नागपूरला बर्डीवर रिपेअरिंगवाले याच्या गोष्टी सांगायचे तेव्हा मला वाटे फोकनाड्या मारून राहिले.

पण २०११ पासून जे सेकंड जनरेशनचे आय ३, आय ५ आले त्यांच्यात हा रस्ता पण बंद झाला. तिथं बेस क्लॉक १०० आहे आणि त्याच एका क्लॉकवर बाकीचं सारं बांधलेलं आहे, दोन-चार टक्के वाढवलं की पीसी बसला. नावात 'के' लागलेला प्रोसेसर असेल, २५०० के सारखा, आणि बोर्ड पण त्या कामाचा असेल तरच मल्टिप्लायर उघडा मिळते. आमच्याकडं शाळा-ऑफिसातून निघालेले जे सेकंडहँड पीसी येतात ते बहुतेक आय ३ २१०० आणि एच ६१ बोर्ड. चारपैकी तीन पोट्ट्यांकडं तेच होतं. त्यांच्या पीसीत वाढवायला काही नाहीच, दिवसभर बायोसमध्ये शोधून राहिले बिचारे. हे एक वाक्य लेखात पाहिजे होतं.

आता माझ्या पीसीचं. गेल्याच्या गेल्या वर्षी संक्रांतीच्या आसपास रात्री दुकान बंद करून बसलो आणि बस क्लॉक डायरेक्ट २६६ केला. सेव्ह, रिस्टार्ट, आणि स्क्रीन काळी. पंखा फिरून राहिला, बीप नाही काही नाही. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे पुसदला, त्याला फोन लावला तर म्हणते, "मामा, रॅमचं काय केलं?" रॅमचं काहीच केलं नव्हतं. रॅमचा स्पीड पण त्याच बसच्या हिशोबानं चालते, २०० ला चारपट म्हणजे ८००, माझी रॅम ८०० चीच. बस २६६ केला की तीच रॅम चारपटीनं हजाराच्या वर, १०६४ ला गेली, ती काय करणार. बटन-सेल काढून दहा मिनिटं ठेवला, बायोस मूळ जागी आलं, मग आधी रॅमचं गुणोत्तर खाली घेतलं, पीसीआय एक्सप्रेस (बोर्डावरच्या कार्डांची लाइन) १०० वर लॉक केलं आणि बस दहा-दहानं चढवला. २६६ वर साध्या व्होल्टेजला विंडोज अर्ध्यात निळी पडे, व्होल्टेज १.३ केला तेव्हा सरळ चालू झालं. या प्रोसेसरला इंटेलनं वरची मर्यादा १.३६२५ व्होल्ट दिली आहे तर मी त्याच्या आतच होतो, तिथं मी शहाणपणा केला असं आजही म्हणतो. भाचा म्हणे ३३३ करून पाहा मामा, चार गिगाहर्ट्झच्या वर जाईन. म्हटलं तू तुझ्या पीसीवर कर.

फायदा झाला का? झाला, खोटं नाही बोलणार. चाळीस पानं स्कॅन करून त्याची छोटी पीडीएफ बनवायला जिथं चार मिनिटं लागत तिथं तीन लागू लागले. फोटोशॉपमध्ये पासपोर्ट फोटोची शीट पटकन उठे. रात्रभर प्राइम ९५ (प्रोसेसरला पूर्ण जोर लावणारा टेस्टचा प्रोग्राम) लावून टेस्ट केली, सकाळी येऊन पाहतो तर एक एरर नाही, टेंपरेचर ५८. मी इतका खुश की शेजारच्या चहावाल्याला पण दाखवलं, त्याला काय समजलं देव जाणे, म्हणे "बरं झालं".

इथंच लेखात पण तीच चूक आहे जी माझ्याकडून झाली. लेखात म्हटलं की अर्धा तास टेस्ट करा, टेंपरेचर ७० च्या खाली राहिलं की निश्चिंत. पण टेस्ट कोणत्या महिन्यात केली ते कोण सांगणार? जानेवारीच्या रात्री माझ्या दुकानात २० डिग्री पण नसेल. प्रोसेसरवरचा पंखा काही फ्रीज नाही, तो खोलीचीच हवा मारते, म्हणजे खोली जेवढी तापली साधारण तेवढाच प्रोसेसर वर चढते. माझ्या दुकानाला वरून टिनं आहेत. मे महिन्यात बाहेर ४४-४५ असते तेव्हा आत दुपारी दोन वाजता ४२ तर कुठं गेले नाही, म्हणजे जानेवारीचे ५८ तिथं ८० होतात आणि तुम्ही एक बटन पण दाबलेलं नसते. त्यात पुन्हा व्होल्टेजचा हिशोब असा आहे की प्रोसेसरची उष्णता स्पीडच्या पटीत तर वाढतेच, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.२ चं १.३ केलं आणि स्पीड ३३ टक्के वाढवला तर दोन्ही मिळून उष्णता दीडपटीच्या वर जाते. स्पीड सव्वापटीपेक्षा थोडा जास्त, आग दीडपट. हा सौदा थंडीत परवडते.

आणि कापूस! हे पुण्या-मुंबईच्या माणसाला माहीत असायचं काही कारण नाही. आमच्या रोडवर जिनिंग आहे, दिवाळीपासून तर पार उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी होईपर्यंत, रोडवरून कापसाच्या गाड्या जातात, हवेत तूस उडून राहते. ती तूस पंख्यातून आत ओढली जाते आणि खाली जो अॅल्युमिनियमचा हीटसिंक आहे त्याच्या पात्यांवर थर धरते. वरून पाहाल तर पंखा मस्त फिरून राहिला, खाली गादी तयार. मी पंखा उचलला तेव्हा खालून पूर्ण गोल आकाराची चकती निघाली, राखाडी, बोटानं उचलली तर अख्खी उचलली गेली, नमद्यासारखी. माझी आई बाजूला बसून होती, म्हणे याच्या दोन वाती होतील. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधात लावतात त्या थर्मल पेस्टचं म्हणाल तर ती पानाच्या डबीतल्या वाळल्या चुन्यासारखी झाली होती, नखानं पापुद्रे निघून राहिले. म्हणून माझं मत विचाराल तर आमच्याकडच्या दहा जुन्या पीसीतून आठ पीसी नुसते साफ करून नवीन पेस्ट लावली तरी मालकाला वाटेल ओव्हरक्लॉक झाला. गरम झाला की हे प्रोसेसर स्वतःच दम खातात, स्पीड कमी करतात स्वतःला वाचवायला, तर तुम्ही बायोसमध्ये ३.३ लिहून ठेवा नाहीतर ५ लिहा, दुपारी तो चालते आपल्या मनानं.

पेस्ट लावून पंखा परत बसवताना पण एक गोम आहे. या सॉकेटच्या (बोर्डावर प्रोसेसर बसते ती जागा) पंख्याला चार कोपऱ्यात चार प्लॅस्टिकच्या काळ्या-पांढऱ्या पिना असतात, त्या टक-टक आवाज करून बोर्डाच्या खाली गेल्या पाहिजेत. जुन्या झाल्या की तीन बसतात आणि चौथी बसल्यासारखी वाटते. मग एक कोपरा केसभर उचललेला राहते आणि तुम्ही पेस्ट बदलूनही टेंपरेचर वरच. बोर्ड बाहेर काढून मागून पाहा, चारही पांढरी टोकं फुगून बाहेर आली का ते. आळस करू नका.

आता फटका सांगतो, जे सांगायला थोडं जड जाते. तो पीसी मी ३.३ वरच ठेवला आणि विसरून गेलो. होळी गेली, एप्रिल लागला. बंद पडला असता तर बरं झालं असतं, पण बंद नाही पडला. चालूच होता, फक्त खोटं बोलू लागला. आमच्याकडं एक म्हातारे बाबा येत, चौदा किलोमीटरवरच्या गावाचे, त्यांच्या नातीच्या कॉलेजच्या फॉर्मचे कागद स्कॅन करून पेन ड्राइव्हमध्ये पाहिजे होते. मी दिले. दोन दिवसांनी परत आले, कॉलेजवाले म्हणे फाइल उघडत नाही. मी म्हटलं बाबा, तुमचा पेन ड्राइव्ह खराब. बाबांनी नवीन पेन ड्राइव्ह घेतला, माझ्याच दुकानातून घेतला हो, साडेतीनशेचा. परत कागद दिले, परत ते एसटीनं आले, दुपारी एक वाजता, टॉवेल डोक्यावर, म्हणे "भाऊ, पुन्हा तसंच म्हणून राहिले ते. माह्याच कागदाईले काऊन असं होते?" मी तिकडच्या कॉम्प्युटरला दोष दिला. तिसऱ्यांदा ते आले त्या दिवशी माझ्याच पीसीवर एक झिप फाइल उघडताना एरर आली. तीच फाइल परत उघडली, उघडली. परत उघडली, एरर. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एकच फोल्डर पाच वेळा झिप केला, त्यातले दोन खराब निघाले. बायोसमध्ये जाऊन बस २०० केला, व्होल्टेज ऑटो, आणि परत पाच वेळा केलं, पाचही चांगले.

म्हणजे प्रोसेसर गरमीत मधातच एखादा आकडा चुकून राहिला होता, कोट्यवधीत एक, आणि विंडोजला त्याचा पत्ता नव्हता. गेममध्ये असं झालं तर एखादा रंग चमकते आणि जाते, तुम्हाला समजत पण नाही. पण माझ्याकडं लोकांचे सातबारे आहेत, बँकेचे नंबर आहेत. बाबांना मी पेन ड्राइव्हचे पैसे वापस दिले, तिकिटाचे पण देत होतो तर घेतले नाही. चूक कोणाची होती ते मात्र त्यांना मी नीट सांगू शकलो नाही, ओव्हरक्लॉक कसं सांगणार, म्हटलं "बाबा माझ्याच मशीनले ऊन लागलं होतं." ते म्हणे "मंग त्याले कांदा द्यायचा ना". हसले आणि गेले. मला नाही हसू आलं.

दुसरं, लाइनचं. लेखात एसएमपीएस (पीसीला करंट देणारा डबा) चांगला पाहिजे एवढं एक वाक्य आहे. आमच्याकडं संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की डीपीवर लोड येते आणि बल्ब लालसर होते. लोकल एसएमपीएसवर ४५० वॉट लिहिलेलं असते, ते किती खरं ते मालकाला माहीत. ओव्हरक्लॉक केलेला पीसी जास्त करंट ओढते, तर यूपीएस पण आधी जेवढा टिके तेवढा टिकत नाही, शेतकऱ्याचा फॉर्म सबमिटवर आला की टूं-टूं चालू.

कूलरसमोर ठेवा म्हणून एकानं सल्ला दिला होता, ते पण करून पाहिलं. टेंपरेचर धाडकन उतरते, कोरड्या उन्हाळ्यात कूलरसारखं दुसरं काही नाही. पण आमच्या बोअरचं पाणी खारं, पंप जोरात चालला की ताटीतून तुषार उडतात, पंधरा दिवसात कॅबिनेटच्या पत्र्यावर पांढरी पुटं चढली. तेच बोर्डावर चढलं तर काय ते सांगायला नको. आता कूलर आडवा आहे, हवा खोलीत येते, पीसीच्या तोंडावर नाही.

बरं, मग स्पीड वाढवायचाच असेल तर? साहेब, माझ्या पीसीला खरा जीव आला तो ओव्हरक्लॉकनं नाही, एसएसडीनं, म्हणजे फिरती चकती नसलेल्या नव्या डिस्कनं. जुन्या हार्ड डिस्कवर सकाळी बटन दाबून मी झाडू मारत होतो, अगरबत्ती लावत होतो, तरी डेस्कटॉप आलेला नसे. एसएसडी लावली तर माचिस सापडायच्या आत चालू. या जी ३१ बोर्डात रॅम चार जीबीच्या वर चालत नाही, ती पूर्ण भरून घेतली. विंडोज ७ सोडून १० टाकावी लागली कारण २०२३ पासून क्रोमनं ७ चा हात सोडला आणि सरकारी साइटी जुन्या ब्राउझरला उभं करत नाहीत. आता १० चा पण सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि ११ या प्रोसेसरवर येणार नाही, तर लिनक्सचं पोट्ट्यांकडून शिकून राहिलो, पाहू. आणि ३१ जुलैला पीक विम्याची रांग लागते तेव्हा स्क्रीनवर जे गोल-गोल फिरते ते माझ्या प्रोसेसरमुळे नाही हो, ते तिकडचं सर्व्हर आहे. त्याला तुम्ही ३.३ करा की १३ करा, ते आपल्या टाइमवरच येईल. लोकांना हे पटत नाही, म्हणतात "दुसऱ्याकडं लवकर होते".

मी ओव्हरक्लॉकच्या विरोधात नाही. आज पण करतो, फक्त शेतीसारखं हंगाम पाहून करतो. दिवाळी झाली की पीसी उघडायचा, साफ करायचा, पेस्ट लावायची, बस २४० करायचा म्हणजे बरोबर ३ गिगाहर्ट्झ, आणि व्होल्टेजला हात लावायचा नाही. एवढं माझा प्रोसेसर साध्या व्होल्टेजवर ओढते, तुमचा ओढेल का ते टेस्ट करूनच समजेल, प्रत्येक नग वेगळा असते. आणि टेस्ट रात्री नाही, दुपारी दोनला, दार लावून. होळी पेटली की परत २००. मागच्या वर्षी उलंगवाडीच्या गडबडीत आठ दिवस उशीर झाला तर रोज संध्याकाळी दोन झिप बनवून उघडून पाहत होतो, बाबांचा टॉवेल डोळ्यासमोर येत होता.

तर विनंती अशी की मल्टिप्लायरची दुरुस्ती येत्या पुरवणीत छापा, आय ३ वाल्यांसाठी तर नक्की, आणि नवतपा यायच्या आधी छापा. माझं पत्र मोठं झालं आहे, कापायचं असेल तर चहावाल्याचं कापा पण व्होल्टेजचा हिशोब ठेवा.

आपला नेहमीचा वाचक,
एक झेरॉक्सवाला, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

ता. क. : लेखासोबतच्या फोटोत प्रोसेसरवर पेस्ट जी लावून राहिले ती पोळीवर तूप लावल्यासारखी दिसून राहिली. तुरीच्या दाण्याएवढी पुरते, पंखा दाबला की आपोआप पसरते. एका पोट्ट्यानं फोटो पाहून अख्खी ट्यूब संपवली, सॉकेटमधून ती काढायला मला पूर्ण दुपार लागली.